इकडची पेशी, तिकडची पेशी

माझ्या नातीला दातांची डॉक्टर व्हायचे आहे. 'एमबीबीएसला नंबर लागला नाही तर बघू' अशा हिशेबाने नव्हे, तिला दातांचीच डॉक्टरकी हवी आहे. याला कारण तिची आजी. आमच्या घरातून चाळीस वर्षे मशेरी लावली गेली आणि साठीच्या आत तिच्या तोंडात घास चावायला एक धड दाढ उरली नाही. तिला बारडोलीच्या दवाखान्यात नेण्याचे काम नातीकडे असे. आजी अहिराणीत सांगणार, 'मनी दाढ दुखी ऱ्हायनी'. नात ते गुजरातीत डॉक्टरला सांगणार. डॉक्टर इंग्रजीत कागदावर लिहिणार. हे दुभाषीपण करता करता पोरीने मनाशी ठरवले की हा मधला माणूस काढून टाकायचा.

ठरवले खरे, पण वाट एकच. पूर्वी बारावीच्या गुणांवर प्रवेश होत, मग प्रत्येक राज्याने आपापली परीक्षा काढली. आता डॉक्टर व्हा की दंतवैद्य, देशभर एकच 'नीट'. १८० प्रश्न, ७२० गुण. बरोबर उत्तराला चार मिळतात, चुकीला एक जातो. म्हणजे ठाऊक असलेला प्रश्न शब्दाच्या गोंधळापायी चुकला तर पाच गुणांचा फटका. हा पाचाचा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा, पुढे लागणार आहे.

फॉर्म भरायला आम्ही स्टेशनाजवळच्या एका दुकानात गेलो. संगणकावरच्या मुलाने विचारले, "काका, भाषा कई राखवी छे?" मी म्हणालो, मराठी दिसते का बघ. तो हसला. हसण्यासारखेच होते. ही परीक्षा २०२१ पासून तेरा भाषांत होते, त्यांत मराठी आहे. पण माहितीपत्रकातला तक्ता नीट वाचावा. इंग्रजी, हिंदी आणि उर्दू या तीन भाषांतला पेपर देशातल्या कोणत्याही केंद्रावर मिळतो. उरलेल्या दहा भाषांना राज्ये वाटून दिली आहेत. बंगालीला पश्चिम बंगालबरोबर त्रिपुरा आहे. तमिळला पुदुच्चेरी आहे. गुजरातीला दमण आणि दादरा-नगर हवेली आहे. मराठीला फक्त महाराष्ट्र. सुरतेत नाही, बेळगावात नाही, पणजीत नाही, सिल्वासात नाही. ज्या सुरत शहरात महापालिका स्वतःच्या खर्चाने मराठी शाळा चालवते, तिथल्या मुलाला मराठी पेपर हवा असेल तर त्याने ताप्ती लाइनची गाडी पकडून नंदुरबार गाठावे.

वाटेत नवापूर लागते. त्या स्टेशनाचा अर्धा भाग गुजरातेत आणि अर्धा महाराष्ट्रात आहे. माणसे एका राज्यात तिकीट काढून दुसऱ्या राज्यात गाडीची वाट बघतात आणि कुणाचे काही बिघडत नाही. रेल्वेला जे साठ वर्षांपूर्वी उमगले ते परीक्षावाल्यांना उमगलेले नाही, की भाषा फलाटाच्या मध्यावर उतरून परत फिरत नाही.

बारडोली हे गाव असल्या टेबलावरच्या हिशेबाला नवे नाही. १९२७ साली इथला शेतसारा २२ टक्क्यांनी वाढवला गेला, तो कागद बघून. वल्लभभाईंनी सत्याग्रह उभारल्यावर ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल हे दोन साहेब चौकशीला आले, गावोगाव हिंडले आणि वाढ सुमारे ६ टक्क्यांच्या वर जात नाही असे सांगून गेले. फरक पडला तो साहेब गावात गेले म्हणून. दिल्लीत बसून भाषांना राज्ये वाटणारा कुणी एकदा लिंबायत-उधन्याच्या चाळींतून हिंडला, तर हा तक्ता त्याचा त्यालाच वाचवणार नाही.

इथवर वाचून पुष्कळ वाचकांनी मान डोलावली असेल. दिवाळी अंकातून असे लेख आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत: मराठीवर अन्याय, दिल्लीचे कान बंद, निषेध असो. मीही तसाच लेख लिहायला बसलो होतो. दोन पाने झालीही होती. ती नातीने वाचली आणि म्हणाली, "आबा, समजा सुरतेला मराठी पेपर मिळाला. मी तो सोडवू कशी? माझी अकरावी-बारावी गुजरातीत झाली."

त्या दोन पानांचे मी काय केले ते विचारू नका.

तिचे म्हणणे असे. आठवीपर्यंत ती उधन्याला मराठी शाळेत होती. तिचे वडील, म्हणजे माझा थोरला, तिथे यंत्रमागावर काम करतो. नववीला ती आमच्याकडे बारडोलीला आली आणि गुजराती माध्यमात बसली, कारण गुजरातेत मराठीतून बारावी सायन्स नाही. बरोबर. मग मराठीतून बारावी सायन्स आहे कुठे? पुण्यात? नागपुरात? कोल्हापुरात? महाराष्ट्रात दहावीनंतर विज्ञानाचे मराठी पुस्तक संपते. अकरावी-बारावीची भौतिक, रसायन, जीवशास्त्राची पाठ्यपुस्तके इंग्रजीतच निघतात. त्याच्याही आधी 'सेमी-इंग्रजी' नावाखाली मराठी शाळांतूनच विज्ञान आणि गणित इंग्रजीत गेले, आणि आपण त्याला प्रगती म्हणालो. म्हणजे 'नीट'चा मराठी पेपर ज्याने मराठीतून बारावी केली त्याच्यासाठी काढावा, तर असा विद्यार्थी अवघ्या महाराष्ट्रात तयारच होत नाही.

आकडे बघा. २०२० साली सुमारे सोळा लाख मुलांनी 'नीट'साठी नाव नोंदवले. त्यांत गुजराती भाषा निवडणारे होते ५९,०५५. मराठी निवडणारे ६,२५८. गुजरातची लोकसंख्या महाराष्ट्राच्या जवळपास निम्मी. तरी तिकडचे नऊपटीहून अधिक मुलगे-मुली आपल्या भाषेत पेपर लिहायला बसतात. बेळगावच्या वाचकांसाठी कन्नडचा आकडाही देतो: १,००५. तेव्हा फलकावर कोणती लिपी असावी यावरून डोकी फोडून घेणाऱ्या दोन्ही बाजूंनी हे समजून घ्यावे की या एका बाबतीत दोघेही सारखेच रिकामे आहेत.

गुजरातेत हे होते कारण गुजरात बोर्डाने बारावी सायन्स गुजरातीतून चालू ठेवले. एनसीईआरटीच्या जाड पुस्तकांचे गुजराती अनुवाद झाले. बारडोली तालुक्यातल्या हळपती मजुराच्या मुलाला अकरावीत पाय ठेवताक्षणी परक्या भाषेशी कुस्ती करावी लागत नाही. ती कुस्ती त्याला पुढे, कॉलेजात, अठराव्या वर्षी करावी लागते, तेव्हा अंगात बळ आलेले असते. मराठी मुलाला ती पंधराव्या वर्षी करावी लागते, आणि पुष्कळसे तिथेच आडवे होतात. आपण म्हणतो, याला सायन्स झेपले नाही.

आणि पारिभाषिक शब्द नाहीत ही सबब महाराष्ट्राला सांगता येणार नाही. भाषा संचालनालयाने विषयवार परिभाषा कोश काढून ठेवले आहेत, मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून काम करते आहे, विश्वकोशाचे खंड ग्रंथालयांत उभे आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठी अभिजातही झाली. पेढे आम्हीही वाटले. फक्त अकरावीचे जीवशास्त्राचे पुस्तक मराठीत नाही.

आता एक कबुली देतो, जी या लेखाच्या निमित्ताने पहिल्यांदाच देत आहे.

मी बारडोली तालुक्यातल्या एका शाळेत बत्तीस वर्षे विज्ञान शिकवले, गुजरातीतून. माझे स्वतःचे चौथीपर्यंतचे शिक्षण तळोद्याकडे मराठीत झाले, मग वडील उसाच्या हंगामाला इकडे आले ते राहिलेच. खानदेशातून कोयता घेऊन येणाऱ्या टोळ्या आजही इकडच्या कारखान्यांचा ऊस तोडतात. त्यांतले जे थोडे मागे राहतात, त्यांची मुले आमच्या वर्गात येत. आणि दर वर्षी नववीत तीच चूक करत. वनस्पतीचा सर्वांत लहान जिवंत घटक कोणता? उत्तर: पेशी. मी लाल शाईने काट मारायचो. कारण मराठीत जी पेशी, तिला गुजरातीत 'कोष' म्हणतात. आणि गुजरातीत 'पेशी' म्हणजे आपली ऊती! शब्द तोच, उच्चार तोच, अर्थ एक पायरी वरचा. रसायनात त्याहून वाईट. मराठीतला 'अणू' गुजरातीत 'परमाणू' होतो, आणि गुजरातीतला 'अणू' म्हणजे आपला 'रेणू'. मराठी पोर पाण्याच्या रेणूला गुजरातीत 'अणू' म्हणायला शिकेपर्यंत सहामाही निघून जाते. त्वरणाचा 'प्रवेग' होतो, संवेगाचे 'वेगमान' होते, मूलद्रव्याचे 'तत्त्व'. हे शब्द निदान वेगळे दिसतात, त्यामुळे मूल सावध होते. पेशी आणि अणू हे सापळे आहेत, कारण ते घरचे वाटतात.

मला हे ठाऊक होते. वर्गात दुसऱ्या कुणाला नव्हते, मला होते. मी स्वतः त्यात पडून उठलो होतो. तरी मी काट मारायचो आणि समजावून सांगायचो नाही. गुजराती शाळेत गुजरातीच, हा माझा बाणा. खरे कारण सांगायचे तर भीती. मराठी मास्तर मराठी पोरांना झुकते माप देतो असे कुणी म्हणू नये म्हणून मी त्यांना चार अक्षरे जास्त सांगितली नाहीत. एक मुलगा आठवतो, उसाच्या टोळीतला, त्याने तीन वेळा 'पेशी' लिहिले आणि तिन्ही वेळा शून्य घेतले. चौथ्या वेळी तो परीक्षेलाच आला नाही. तो कुठे गेला ते मी विचारले नाही. हंगाम संपला असेल, असे धरून चाललो.

नातीची नववीची वही माझ्या हातात आली तेव्हा तिच्यावरही तीच लाल काट होती. मारणारे मास्तर दुसरे, शाई तीच. त्या रात्री मी तिला पहिल्यांदा कोष आणि पेशी शेजारी शेजारी लिहून दाखवले. दहा मिनिटे लागली.

म्हणून मला वाटते, मराठी पेपर सुरतेत मिळावा ही मागणी रास्त असली तरी तेवढ्याने भागणारे नाही. उर्दूचा पेपर देशभर मिळतो हे चांगलेच आहे. त्यावरून इतके सिद्ध होते की व्यवस्था करता येते. दहाही भाषांचे पेपर मागेल तिथे द्यावेत, छापखान्याला त्याचे काय ओझे? प्रादेशिक भाषेच्या पुस्तिकेत शेजारी इंग्रजी मजकूर असतोच. पण शब्दाचा घोळ झाला तर इंग्रजी पाठ अंतिम मानावा असाही नियम आहे, आणि त्यातली मेख कळायला तमिळ मुलांकडे बघावे. २०१८ साली तमिळ पेपरात ४९ प्रश्नांचे भाषांतर चुकले म्हणून मद्रास उच्च न्यायालयाने १९६ गुण द्यायला सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी तो निकाल रद्द केला. म्हणजे भाषांतर ही सोय आहे, हक्क नाही. हे आपल्या लोकांनी जरा मनावर घ्यावे.

दुसरी गंमत गोध्र्याची. २०२४ च्या 'नीट'मध्ये गोध्रा केंद्रावरचे प्रकरण देशभर गाजले. सरकारी पक्षाने कोर्टात सांगितले की बाहेरच्या राज्यांतल्या उमेदवारांना इकडचे केंद्र आणि गुजराती भाषा निवडायला सांगितले गेले होते, म्हणजे इथल्या माणसाला मागाहून त्यांची उत्तरे भरता येतील. खटल्याचे काय व्हायचे ते होवो. पण विचार करा: ज्यांना गुजरातीचे अक्षर वाचता येत नाही असा आरोप आहे त्यांना गुजराती पेपर मागता आला, आणि ज्यांना मराठी येते त्यांना मराठीचा रकाना दिसत नाही.

माझा थोरला या सगळ्यावर वैतागतो. त्याचे म्हणणे, आबा, जग इंग्रजीचे आहे, डेंटलची पुस्तके इंग्रजीत आहेत, मग आधीपासून इंग्रजीच का नको? सुरतेतल्या आमच्या बहुतेक मराठी कुटुंबांचे हेच मत आहे. गणपतीत दहा दिवस मराठी, हळदीकुंकवाला मराठी, आणि मुलाची फी भरताना इंग्रजी. मी त्यांना दोष देत नाही, यंत्रमागावर बारा तास उभे राहणाऱ्याला भविष्याची घाई असणारच. पण एक हिशेब त्यांनी मांडावा. गल्लीतल्या स्वस्त इंग्रजी शाळेतून निघालेली किती मुले इंग्रजीत विचार करतात? ती इंग्रजीत पाठ करतात आणि मराठीत अडखळतात. डेंटलला गेलेल्या मुलीला पहिल्या वर्षी शब्दकोश उशाशी घ्यावा लागेल, कबूल. पण दातावरचे कवच कशाचे, मुळाशी रक्त कसे पोचते, हे जिला एका भाषेत पक्के समजले आहे तिला दुसऱ्या भाषेत फक्त नाव शिकायचे असते.

आणखी एक गोष्ट, जी विषयाला थोडी सोडून आहे. दातांचे काम हे हातांचे काम आहे. अमेरिकेत १९५० नंतरची वीसेक वर्षे दंतमहाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेत खडू कोरून आकार करून दाखवावा लागे. कॅनडात साबणाची वडी कोरायची परीक्षा अगदी अलीकडेपर्यंत होती. आमच्या १८० प्रश्नांत बोटांना काही काम नाही, गोल काळे करण्यापलीकडे. माझी नात संक्रांतीला तिळावर काटे उठवणारा हलवा करते. पण त्याला गुण नाहीत. एमबीबीएसच्या जागा भरल्यावर खाली उरलेल्यांना दंतवैद्यक, अशी आपली उतरंड. जिला तेच पहिल्या पसंतीने हवे आहे तिच्यासाठी या यादीत वेगळी ओळ नाही.

महाराष्ट्राने विवादित सीमाभागातल्या ८६५ गावांच्या मराठी मुलांसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात वेगळी सोय ठेवली आहे. योग्यच केले. आमच्या बाजूला १९६० नंतर वादच उरला नाही, त्यामुळे आम्ही विवादितही नाही. महाराष्ट्राच्या कोट्यात बसायला दहावी-बारावी तिकडची हवी. गुजरातने मात्र आमच्या पोरीला आपली मानून राज्याच्या ८५ टक्क्यांत बसवले. हे लिहिले नाही तर लेख खोटा होईल.

२०२५ च्या ४ मे रोजी, रविवारी, तिने सुरतेला गुजराती पेपर दिला. दुपारी दोन ते पाच. मी बाहेर निंबाखाली तिच्या चपला सांभाळत बसलो होतो. त्या वर्षी भौतिकशास्त्राने देशभर मुलांना रडवले, तिलाही रडवले. जीवशास्त्राचे नव्वद प्रश्न बरे गेले; पेशीने या वेळी दगा दिला नाही. जूनमध्ये निकाल लागला. गुण पात्रतेच्या बरेच वर, पण अहमदाबाद-जामनगरच्या सरकारी महाविद्यालयांपर्यंत पोचणारे नव्हेत, आणि खाजगी जागेची फी ऐकून तिच्या वडिलांनी जेवण अर्धे टाकले. तिने पुन्हा बसायचे ठरवले. आजी म्हणाली, तोवर मी कवळी लावत नाही, तुझ्याच हातची लावीन.

मी आता एक वही घातली आहे. चार रकाने: मराठी, गुजराती, इंग्रजी, आणि चौथ्यात खूण, सापळा आहे की नाही त्याची. नववी-दहावीचे दोनशेवर शब्द झाले आहेत, अकरावीचे चालू आहेत. नवापूर, सोनगढ, व्यारा, वापी, उंबरगावकडच्या ज्या घरांत मराठीतून गुजरातीत गेलेले मूल असेल त्यांनी संपादकांकडे नाव कळवावे, मी छायाप्रत पाठवीन, पोस्टाचा खर्च माझा. बेळगाव-निपाणीकडच्या एखाद्या मास्तरांनी कन्नडचा रकाना भरून दिला तर पाचवी घडी पाडायला वहीत जागा ठेवली आहे. आणि उसाच्या टोळीतला तो मुलगा, आता चाळिशी उलटलेला असेल, त्याच्या घरी हा अंक गेलाच, तर त्याच्या पोरांसाठी पहिली प्रत बाजूला काढून ठेवली आहे.